रेसकारचा ट्रेलर ओढताना: हौशी म्हणून सवलत की दारावर डॉट नंबर?

ट्रेलर उघडा घ्यायचा की बंद, पिकअप डिझेलची की पेट्रोलची, यावर आपली मंडळी अख्खा हिवाळा खल करतात. पण त्याच गाडीसाठी अमेरिकी परिवहन खात्याचा नंबर (डॉट नंबर) काढायचा, की ‘हौस आहे, धंदा नाही’ म्हणत बिननंबरी फिरायचं, हा विचार पहिल्यांदा वे स्टेशनवर (महामार्गावरच्या वजन-तपासणी नाक्यावर) आत बोलावलं जाईपर्यंत कुणी करत नाही. मी दोन्ही प्रकारे ट्रेलर ओढला आहे. मिशिगनमधून निघायचं आणि मिड-ओहायो, विस्कॉन्सिनमधलं रोड अमेरिका, कधी न्यूयॉर्कमधलं वॉटकिन्स ग्लेन गाठायचं, असा माझा पट्टा. गाडी स्पेक मियाटा (शर्यतीसाठीची माझदा मियाटा), पुढे फोर्डची एफ-३५० पिकअप, मागे चोवीस फुटी बंद ट्रेलर. माझं मत या सेटअपवरून बनलेलं आहे. तुमचं गणित वेगळं असेल तर त्यात तेवढी वजाबाकी करून घ्या.

आधी सीडीएलचा, म्हणजे व्यावसायिक वाहनचालकाच्या लायसन्सचा, विषय बाजूला करू, कारण घाबरवलं जातं ते त्याच्याच नावाने. पिकअप आणि ट्रेलरवर उत्पादकाने लिहिलेल्या कमाल वजनांची बेरीज २६,००१ पौंड किंवा जास्त, आणि त्यात ट्रेलरचं कमाल वजन १०,००० पौंडांच्या वर, या दोन्ही गोष्टी जमल्या की क्लास ए सीडीएल लागतं. म्हणूनच बाजारात ९,९९० पौंडांची पाटी असलेले इतके ट्रेलर दिसतात. माझी बेरीज साडेएकवीस हजारांच्या आसपास जाते, त्यामुळे साधं लायसन्स पुरतं. १४,००० पौंडांची ड्युअली (मागे चार चाकांची पिकअप) घेऊन मागे १४,००० चा गूजनेक (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) लावलात, की बेरीज २८,००० झाली. मग फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेलं सक्तीचं प्रशिक्षण आलं, आणि धंद्यासाठी चालवत असाल तर मद्य-अमली पदार्थांच्या अचानक चाचण्यांसाठी एखाद्या संस्थेत नाव नोंदवणं आलं. एका गाडीसाठी मी या वाटेला जाणार नाही. दोन गाड्या एकावर एक चढवणारा स्टॅकर ट्रेलर हवाच असेल तर प्रश्नच मिटला, ही वाट धरावी लागते. टोटरहोमवाले (ट्रकवरच राहायची खोली बांधून मागे ट्रेलर ओढणारे) ‘मोटरहोम म्हणून नोंद आहे’ म्हणतात, पण ती सूट राज्यागणिक बदलते. टेक्सास आणि पेनसिल्वेनियात बिगरव्यावसायिक क्लास ए नावाचं वेगळंच लायसन्स आहे. वर्क व्हिसावर असाल तर आणखी एक पेच: परदेशी नागरिकांच्या सीडीएलवर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने मोठे निर्बंध आणले आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. पैसे भरण्याआधी आपल्या राज्याच्या कार्यालयात नीट विचारून घ्या.

तर आपल्यासारख्यांसमोरचा खरा प्रश्न २६,००० च्या आतला आहे. आंतरराज्य वाहतुकीचे केंद्राचे नियम १०,००१ पौंडांपासून सुरू होतात, आणि पिकअप अधिक बंद ट्रेलर ही बेरीज ती मर्यादा सहज ओलांडते. त्यातून सुटका देणारं कलम आहे: व्यक्तीने आपली खासगी वस्तू अधूनमधून नेणं, मोबदला न घेता आणि कुठल्याही धंद्याला हातभार न लावता. रेसिंगवाल्यांसाठी खात्याने त्याचा अर्थही सांगून ठेवला आहे. बक्षिसाची रक्कम साधं उत्पन्न म्हणून करात दाखवायची, रेसिंगचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करायचा नाही, आणि प्रायोजक नसावा. हे सगळं जुळत असेल तर तुम्ही हौशी.

या सवलतीचं सुख मोठं आहे, ते मी नाकारणार नाही. मेडिकल कार्ड नाही, लॉगबुक नाही, वार्षिक तपासणीचा कागद नाही. रविवारी संध्याकाळी शर्यत संपली की आवरायचं आणि थेट घर गाठायचं. वर्षातून मोजक्या वेळा, तेही वॉटरफर्ड हिल्स किंवा जिंजरमनसारख्या जवळच्या ट्रॅकवर जाणार असाल, ट्रेलर कोरा पांढरा असेल, तर मी स्वतः तुम्हाला नंबर घ्या म्हणणार नाही. तिथे तो उगाच खटाटोप होईल.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करतो. ट्रेलरच्या मागे ‘नॉट फॉर हायर’ असं लिहिलं की काम झालं, असं पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर गाड्या उभ्या करून तयार करतात त्या आवारात) निम्म्या लोकांना वाटतं. त्या अक्षरांनी इतकंच कळतं की तुम्ही दुसऱ्याचा माल भाड्याने नेत नाही. स्वतःच्या धंद्याचा माल स्वतः नेणारा हाही नियमांच्या दृष्टीने वाहतूकदारच असतो. त्यामुळे अधिकाऱ्याचा प्रश्न भाड्याचा नसतोच, धंद्याचा असतो.

आता नंबरची बाजू. नंबर फुकट मिळतो, हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा. कारण तो मिळताच फोन सुरू होतात. बोलणारे अशा आवेशात बोलतात की सरकारी खातंच वाटावं, आणि ‘नोंदणी पूर्ण करण्यासाठी’ पैसे मागतात. मी सगळे फोन बंद करून टाकले, काही बिघडलं नाही. खरा खर्च म्हणजे यूसीआरची (आंतरराज्य वाहतूकदारांच्या एकत्रित नोंदणीची) वार्षिक फी, २०२५ साठी लहान वाहतूकदाराला ४६ डॉलर, आणि वाढलेला विमा. विम्याचा आकडा माणसागणिक इतका बदलतो की माझा सांगून उपयोग नाही. पण व्यावसायिक विमा म्हटल्यावर एजंटचा आवाज बदलतो, याची तयारी ठेवा. दर दोन वर्षांनी माहिती नव्याने भरायची, मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, ट्रक आणि ट्रेलर दोन्हींची वार्षिक तपासणी. नवीन वाहतूकदार म्हणून पहिले अठरा महिने तुमच्यावर लक्ष असतं आणि पहिल्या वर्षभरात कागदपत्रांची तपासणी होते. फाइल नीट लावलेली असेल तर ती जड जात नाही.

नंबर दारावर दोन्ही बाजूंना, दिवसा पन्नास फुटांवरून वाचता येईल असा हवा. काढता येणारी पाटी चालते, म्हणून मी चुंबकी पाट्या करून घ्यायच्या म्हणत होतो. पण एफ-३५० ज्या मालिकेत येते त्या सुपर ड्युटीची २०१७ पासूनची दारं ॲल्युमिनियमची. चुंबक चिकटेल कुठे? शेवटी विनाइलच लावावं लागलं, आणि आता किराणा आणायलाही नंबरासकट जातो.

नंबरवाल्यांच्या वाट्याला येणारा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे तास. सलग दहा तास विश्रांती झाल्यावर चौदा तासांच्या आत अकरा तास गाडी चालवता येते. आणि रेसिंग धंदा म्हणून नोंदलं की पॅडॉकमधलं काम त्या चौदात मोजलं जातं. रविवारी सकाळी सातला टायर चढवायला घेतले, तर रात्री नऊला स्टिअरिंग सोडायचं. मधे दोन तास खुर्चीत झोपलात तरी घड्याळ थांबत नाही. एल्कहार्ट लेकहून (रोड अमेरिका तिथेच आहे) सहाला निघालो तर शिकागो ओलांडेपर्यंतच वेळ संपते, आणि शिकागोला वळसा घालून घर सात-आठ तासांवर. म्हणजे रविवारची रात्र मोटेलमध्ये आणि सोमवारी रजा. नोकरी सांभाळून रेसिंग करणाऱ्याला हे झोंबतं, मलाही झोंबलं. तरी जुलैच्या उन्हात दिवसभर अग्निरोधक सूट घालून बसल्यावर रात्री दीड वाजता दहा हजार पौंडांचा ट्रेलर ओढणारा माणूस किती जागा असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. नियमाशी माझं या बाबतीत भांडण नाही. कुठल्याही तीस दिवसांत आठपेक्षा जास्त दिवस लॉग ठेवावा लागत नसेल तर इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवावं लागत नाही, कागदी लॉग चालतो, ही त्यातल्या त्यात सोय.

रस्त्यावरची यांत्रिक तपासणी मी या तुलनेत धरतच नाही, कारण तिथे दोघांनी सारखंच तयार असावं असं मला मनापासून वाटतं. अधिकारी आधी ट्रेलरचे दिवे पाहतो, मग टायर, मग ब्रेकअवे स्विच (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा). तो स्विचची पिन ओढतो आणि तुम्हाला गाडी हळूच पुढे घ्यायला सांगतो. ट्रेलरची चाकं तिथल्या तिथे जॅम झाली पाहिजेत, आणि त्या छोट्या बॅटरीने ब्रेक पंधरा मिनिटं धरून ठेवले पाहिजेत. ही बॅटरी ट्रेलरच्या टोकाला एका डबीत पडलेली असते, आणि बहुतेकांनी ती ट्रेलर घेतल्यापासून उघडलेली नसते. मी दर वसंतात बदलतो. मग दार उघडून पट्टे: गाडी पुढून आणि मागून दोन्हीकडे बांधलेली हवी, आणि एकाही पट्ट्याला कापलेला, भाजलेला भाग नको. ट्रकमध्ये तीन परावर्तक त्रिकोण आणि काटा दिसेल असं पक्कं बसवलेलं अग्निशामक. रेसकारमध्ये आहे, असं सांगून भागत नाही. सुटा जॅक आणि रॅकवरचे टायर यांच्याकडेही नजर जातेच.

मला ज्याने निर्णय घ्यायला लावला ती गोष्ट यातली एकही नव्हती. हौशी असल्याचा पुरावा नसतो, हा तो त्रास. नंबर आहे हे दाखवायला कागद असतो. नंबर लागत नाही हे दाखवायला काहीच नसतं. तुमच्या तोंडी शब्दावर सगळं.

माझ्या ट्रेलरच्या बगलेवर एका टायरच्या दुकानाचं नाव होतं. दुकानदार मला टायर थोडे स्वस्त देई, इतकंच. एका राज्यात वे स्टेशनवर अधिकाऱ्याने ट्रेलरभोवती फेरी मारली, त्या नावापाशी थांबला आणि विचारलं, “हे तुम्हाला काय देतात?” मी खरं ते सांगितलं. मग बक्षिसं मिळतात का, करात काय दाखवता, गाडी कोणाच्या नावावर आहे. माणूस अगदी सभ्य होता. त्याने वरिष्ठाला फोन लावला. वरिष्ठाने एक सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्याने दुसरं. टायरवर मिळणारी सूट म्हणजे प्रायोजकत्व का, यावर त्या तिघांचं एकमत होईना, आणि माझ्याकडे त्यांच्यापुढे ठेवायला एक ओळसुद्धा छापील नव्हती. शेवटी दंड न करता सोडलं. त्याच मोसमात दुसऱ्या राज्यात त्याच ट्रेलरला पाच मिनिटांत हात दाखवून पुढे पाठवलं. शुक्रवारी दुपारी ट्रॅकवर टेक-तपासणीची (शर्यतीआधी रेसकार तपासतात त्याची) वेळ गाठायची असताना, आज समोर कोण येईल यावर आपण वेळेत पोहोचणार की नाही हे ठरावं, ही गोष्ट मला सहन झाली नाही.

नंबर लावल्यापासून तीच भेट वेगळी होते. अधिकारी दारावरचा नंबर टाकतो, मेडिकल कार्ड आणि लॉग मागतो, फेरी मारतो आणि अहवाल हातात देतो. कधी तपासणी सखोल होते, खाली झोपून ब्रेक पाहिले जातात, तेव्हा वेळ जातो. पण काय विचारणार हे आधी माहीत असतं आणि उत्तर फाइलमध्ये असतं. पूर्ण तपासणी निर्दोष निघाली तर काचेवर सीव्हीएसएचं (व्यावसायिक वाहनांच्या सुरक्षा-तपासणीचे निकष ठरवणाऱ्या संघटनेचं) स्टिकरही मिळू शकतं. ते जास्तीत जास्त तीन महिने चालतं, आणि तेवढ्या काळात सहसा पुन्हा तितक्या खोलात कुणी शिरत नाही. मे महिन्यात तीन दिवसांची मोठी तपासणी मोहीम असते तेव्हाही मी आता मार्ग बदलत नाही.

प्रायोजक म्हणजे रोख पैसे देणाराच असं नाही, हे ठरवताना ध्यानात असू द्या. सूट, फुकट तेल, नाव रंगवून घेण्याच्या बदल्यात दुरुस्ती, हे सगळं त्या प्रश्नाच्या हद्दीत ओढता येतं. तुमच्या ट्रेलरवर कुणाचंही नाव नसेल, करात रेसिंगची एकही वजावट नसेल, तर हौशी राहा, हक्काने राहा. मात्र खात्याच्या त्या स्पष्टीकरणाची छापील प्रत गाडीत ठेवा. त्यातच लायसन्सबद्दल आपल्या राज्याला विचारा असंही म्हटलं आहे, तेही करा. यापैकी एक जरी गोष्ट डळमळीत असेल, किंवा वर्षात तीन-चार राज्यं ओलांडणार असाल, तर माझ्या मते नंबरच बरा. करसल्लागाराशी बोलून घ्या, कारण एकीकडे धंद्याची वजावट घेऊन दुसरीकडे हौशी म्हणवून घेता येत नाही.

घ्यायचा ठरला तर अर्ज जानेवारीत करा. मेडिकल, वार्षिक तपासणी आणि विम्याची बोलणी मार्चअखेर उरकतात, आणि एप्रिलमध्ये पहिल्या शर्यतीला निघताना फाइल तयार असते. अर्जात स्वतःचा माल नेणारा खासगी वाहतूकदार हाच पर्याय निवडा. भाड्याने वाहतूक करणारा असं चुकून टिकमार्क केलंत तर वेगळी परवानगी आणि किमान साडेसात लाख डॉलरचा विमा मागे लागेल.