खोक्यावर ४५० वॅट, आत १६८

छोटं मिनी-आयटीएक्स कॅबिनेट (लहान पीसीची पेटी) ‘एसएमपीएससकट’, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यासकट घ्यायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मला जे कॅबिनेट विकलं, त्याच्या खोक्यावर ४५० वॅट छापलं होतं आणि बिलावरही तेच. पुतण्यासाठी पीसी जुळवत होतो. ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर आणि ७५ वॅटचं बुटकं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे ४५० भरपूर झाले.

पीसी सुरू झाला, विंडोज चढलं, सगळं झकास. पण व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन खटकन बंद. रॅम बदलून पाहिली, थर्मल पेस्ट नव्याने लावली, फरक शून्य. शेवटी एसएमपीएस बाहेर काढला. हलकं वजन बघून तिथेच शंका आली. स्टिकरवर ४५० ठळक, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनपुढे १४ अँपिअर. गुणाकार करा: १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच लाइनवर चालतात. ६५ वॅटवाला रायझन जोर लावला की ८८ पर्यंत ओढतो. त्यात कार्डाचे ७५ मिळवले की १६३ झाले, वर पंखे आणि बोर्ड आहेतच. बाकीच्या लाइन धरूनही बेरीज ४५०च्या आसपास फिरकत नव्हती.

मग बाकीचंही उलटंपालटं करून पाहिलं. पुढचे दोन यूएसबी पोर्ट निळे (वेगवान ३.०चा नेहमीचा रंग), ‘३.० आहेत साहेब’ असं काउंटरवर छातीठोक सांगितलेलं. आतल्या वायरच्या टोकाला मात्र २.०चं ९ पिनांचं चिमुकलं कनेक्टर. ३.०चं रुंद असतं, १९ पिनांचं. पोर्टात टॉर्च मारला तर पितळी पट्ट्या चारच, हव्या होत्या नऊ. निळं होतं ते फक्त प्लास्टिक.

मोठ्या कॅबिनेटमध्ये असा एसएमपीएस निघाला तर साधा एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या मोठ्या मापाचा, आणून बसवता येतो. या डब्यात तो शिरतच नाही: एटीएक्स १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि इथली जागा एसएफएक्स या छोट्या मापाची, १२५ बाय ६३.५. एसएफएक्स महाग, आणि दुकानोदुकानी मिळतोच असं नाही. छोट्या कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस म्हणूनच जास्त बारकाईने बघायचा. झाकण काउंटरवरच उघडायला लावा, १२ व्होल्टची ओळ वाचा, यूएसबीची वायर हातात घ्या. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.

परत गेलो तर उत्तर तयार होतं: ‘साहेब, लोड जास्त दिलात तुम्ही.’ बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्काही होता. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल होतं म्हणून हे जमलं. ‘बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ हा सल्ला त्या दुकानदारानेच दिला होता, आणि त्याची मेख तेव्हा कळली.

एसएमपीएसचे पैसे त्याने घासाघीस करत परत दिले. निळ्या पोर्टांबद्दल मात्र शेवटपर्यंत एकच पालुपद: ‘चालतायत ना?’