सुचलेले वेळेवर सापडावे म्हणून : ऑब्सिडियनच्या वापरानंतरचा अनुभव

मराठवाड्यातील बारवा, मंदिरे आणि सणवार यांवर मी छोट्या चित्रफिती तयार करतो. या भागात विषयांची वाण नाही. प्रश्न असतो तो सुचलेला विषय योग्य वेळी हाताशी येण्याचा. फोनमधील छायाचित्रे, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, जतन केलेल्या रील्स आणि वहीतील नोंदी असा चहूकडे पसरलेला संग्रह एका जागी आणण्यासाठी गेल्या पावसाळ्यापासून मी ऑब्सिडियन हे टिपा लिहून ठेवण्याचे सॉफ्टवेअर वापरत आहे. आशयनिर्मिती करणाऱ्या इतरांना निर्णय घेताना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

२०२० साली आलेल्या या सॉफ्टवेअरची निवड मी एका कारणासाठी केली. त्यातील प्रत्येक टीप आपल्याच फोनवर किंवा संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते आणि ज्याला ‘व्हॉल्ट’ म्हणतात ते प्रत्यक्षात एक नेहमीचे फोल्डर असते. वाचायचे लेख जतन करणारी पॉकेट ही सेवा मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षांचा संग्रह दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवण्यातील जोखीम स्पष्ट झाली. उद्या ऑब्सिडियन राहिले नाही, तरी माझ्या टिपा कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात उघडतील. शिवाय ज्या गावांत नेटवर्क येत-जात असते, तेथे बारवेच्या काठावर उभे राहूनही नोंद करता येते, हे माझ्या कामात फार महत्त्वाचे आहे.

टिपण्याच्या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे: काय दिसले यापेक्षा ते पाहून आपण का थांबलो, हे त्याच क्षणी लिहिणे अधिक आवश्यक असते. यासाठी साचा तयार करण्याची सोय मी वापरतो. नवी टीप उघडताच ‘कोठे दिसले’, ‘कशामुळे थांबलो’ आणि ‘केव्हा करायचे’ असे तीनच रकाने समोर येतात. परभणी जिल्ह्यातील वालूरच्या चक्राकार बारवेची माझी नोंद अशी आहे: ‘पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, फिरत उतरतात. कॅमेरा वर स्थिर ठेवावा आणि उतरणारा माणूस दिसेनासा होईपर्यंत तुकडा तोडू नये.’ त्या बारवेची छायाचित्रे माझ्याकडे भरपूर आहेत, परंतु चित्रीकरणाचा आराखडा या दोन ओळींतूनच उभा राहिला. संकेतस्थळावरील लेख टिपण्यासाठी ब्राउझरमधील वेब क्लिपर उत्तम आहे, कारण मजकुराबरोबर मूळ पत्ताही आपोआप नोंदला जातो. रीलचा मात्र केवळ दुवा हाती लागतो आणि ती काढून टाकली गेली की दुवाही निरुपयोगी ठरतो. म्हणून तिच्यात नेमके काय आवडले, हे शब्दांत लिहून ठेवणे अपरिहार्य आहे.

‘केव्हा करायचे’ या रकान्याने मला सर्वाधिक लाभ दिला. बारवेच्या तळाकडील पायऱ्या आणि देवकोष्ठे (मूर्तींसाठीचे कोनाडे) उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावरच उघडी पडतात, त्यामुळे श्रावणात सुचलेली कल्पना एप्रिलमध्ये पुन्हा डोळ्यांसमोर आली पाहिजे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासारख्या विषयाला १७ सप्टेंबर ही ठरलेली तारीख आहे; पण पैठणची नाथषष्ठी किंवा लातूर-धाराशिवकडची येळवस (शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या) तिथीने येते. २०२४ मध्ये येळवस ११ जानेवारीला आली आणि ३० डिसेंबरलाही आली. दरवर्षी त्याच तारखेला वाजणारे स्मरणपत्र येथे काय कामाचे? म्हणून मी त्या रकान्यात ‘मार्गशीर्ष अमावस्या’ किंवा ‘फाल्गुन वद्य षष्ठी’ असेच लिहितो, आणि २०२५ मध्ये आलेल्या ‘बेसेस’ या सुविधेने मराठी महिन्यानुसार टिपांचा तक्ता करून घेतो. महिना लागण्यापूर्वी पंचांग आणि हा तक्ता शेजारी ठेवले की पुढच्या कामाची आखणी होते.

मराठीत शोध घेणाऱ्यांनी पुढील बाब आवर्जून लक्षात घ्यावी. शोध अक्षरशः चालतो, त्यामुळे ‘विहीर’ असे शोधल्यास ‘विहिरीत’ असलेली टीप सापडत नाही, कारण दीर्घ ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ झालेला असतो. ‘विह’ एवढेच लिहिले, तर लेण्यांमधील विहारांच्या सगळ्या नोंदी समोर येतात. मी ‘विहीर’ नावाची एक मुख्य टीप केली, तिच्या पर्यायी नावांत ‘विहिरी’, ‘विहिरीत’, ‘विहिरींचा’ ही रूपे नोंदवली आणि लिहिताना तिचाच दुवा देऊ लागलो. आता शब्दाचे रूप कोणतेही असो, त्या टिपेच्या बॅकलिंकमध्ये, म्हणजे तिचा दुवा असलेल्या टिपांच्या यादीत, सगळे संदर्भ एकत्र दिसतात. ‘पायऱ्या’ या शब्दाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. त्यातील ‘ऱ्या’ काही कीबोर्ड नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’पासून तयार करतात, तर काही साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून; डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न अक्षरे असतात. फोन आणि संगणक या दोन्हींवर एकाच पद्धतीने टंकलेखन करणे, हाच यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

मूळ सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. उपकरणांमध्ये टिपा जुळवून ठेवणारी कंपनीची सेवा सशुल्क आहे. मी त्याऐवजी सिंकथिंग हे उपकरणांमधील फाइल जुळवून ठेवणारे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्याचे अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस थांबले असून स्वयंसेवकांनी चालू ठेवलेली आवृत्ती घ्यावी लागते. दोन्हीकडे एकच टीप एकाच वेळी बदलली, तर न जुळलेल्या बदलांची वेगळी फाइल तयार होते, ती तपासून मजकूर हाताने एकत्र करावा लागतो. तांत्रिक खटपट नको असेल, त्यांनी सशुल्क सेवाच घ्यावी.

टिपांचे परस्परसंबंध दाखवणारा आलेख देखणा आहे, पण त्यावरून मला विषय कधी सुचला नाही. स्वयंसेवकांनी तयार केलेले प्लगिन (जास्तीच्या सोयी देणारे जोड-प्रोग्राम) असंख्य आहेत. मोजकेच ठेवावेत, कारण त्यांची गर्दी झाली की फोनवर अ‍ॅप उघडण्यास वेळ लागतो आणि टिपण्याची घडी निसटते.

एकट्याने संशोधन, लेखन आणि चित्रीकरण करणाऱ्यांना मी हे सॉफ्टवेअर निःसंकोच सुचवेन. एकाच टिपेवर दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय त्यात मुळात नाही, त्यामुळे संपादन करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला अंतिम टीप मी पीडीएफ करून पाठवतो. त्याने सुचवलेले बदल मला स्वतः नोंदवावे लागतात. चार-पाच जणांचा चमू असेल आणि रोज एकत्र लिहायचे असेल, तर सामायिक दस्तऐवजाची वेगळी सोय शोधावी.