रात्रीच्या दाऱ्यावर आठ महिने: झूमवाल्या बॅटरीचा अनुभव

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत जातो तो सेल. खाली सगळीकडे तसंच लिहिलंय, घोटाळा नको.

नोव्हेंबरात आठवडे बाजारात साडेआठशेला घेतली. आमच्या फीडरला शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला कांद्याला नाहीतर उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, मी एकटाच असतो, आणि भाग जुन्नरचा. उसात बिबट्या आहे की नाही हा आमच्याकडे प्रश्नच नसतो, आज कुणाच्या उसात आहे एवढाच असतो. तेव्हा बॅटरी ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही.

आधी खोक्यावरच्या बाता. १०००० लुमेन (उजेडाचं माप), म्हणे. आत १८६५० चा एकच सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. तो २६०० एमएएचचा (सेलमध्ये किती मावतं त्याचं माप) धरला तर त्यात साधारण साडेनऊ वॉट-तास वीज बसते. चांगला एलईडी एका वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन देतो. १०००० लुमेनला ऐंशीएक वॉट लागतील, सेल सात मिनिटांत संपेल आणि बॅटरी हातात धरवणार नाही. खरे किती, ते मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण छापलेल्या आकड्यातलं एक शून्य तरी दुकानदाराला परत करावं. सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तेही सोडून द्या. या मापाचा उत्तमातला उत्तम सेलही साडेतीन-चार हजारांच्या आसपास थांबतो.

आता झूम. तोंड पुढे ओढलं की भिंग एलईडीपासून लांब जातं आणि झोत आवळतो. पार ओढून भिंतीवर मारा, गोल नाही, चौकोन दिसेल. तो एलईडीचाच चौकोन, भिंगानं मोठा करून भिंतीवर टाकलेला. पहिल्या दिवशी घरातल्या पोरांना तो दाखवून मी भाव खाल्ला. शेतात मात्र त्या चौकोनाचा उपयोग एकच: बांधावरून विहिरीकडे मारून पाईपातून हौदात पाणी पडतंय का बघायचं. एरवी आवळलेला झोत घेऊन चालणं म्हणजे विहिरीच्या तळातून आकाश बघणं. चौकोनात लख्ख, बाजूला काळाकुट्ट, आणि पाय पडतो तो नेमका काळ्यात.

महिनाभर मी तसाच चाललो. मग एकदा वरंब्यावर पडलेला पाईप समजून ज्यावर पाय देणार होतो, ती घोणस निघाली. झोताच्या कडेला, वीतभर बाहेर. त्या रात्रीपासून नियम ठरला: चालताना तोंड पूर्ण आत, उजेड मंद, आणि बॅटरी कमरेच्याही खाली, मांडीशी. खालून तिरपा उजेड पडला की ढेकूळ, काडी, भेग, सगळ्याला सावली पडते आणि जमिनीचा उंचसखलपणा डोळ्यांत भरतो. डोक्याला बांधायच्या दिव्यानं हे होत नाही. तो डोळ्यांच्या रेषेतून पडतो, सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, जमीन सपाट दिसते. शिवाय पाकोळ्या थेट नाकात. एक गंमत मात्र डोळ्यांजवळ धरूनच दिसते: ओल्या वाफ्यात दवाचे थेंब चमकावेत तसे हिरवट ठिपके लकाकतात. जवळ जाऊन बघा, कोळ्यांचे डोळे असतात.

पाणी सरीत कुठवर पोचलं ते बघायला तोंड अर्धं ओढायचं. पुढं पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं) दिसतं आणि कडेचे वरंबेही दिसतात. अर्ध्यावर ठेवायची खूण म्हणून मानेवर नेलपॉलिशची रेघ मारलीय, अंधारात अंगठ्याला लागते.

डिसेंबरातल्या धुक्यात फुल उजेड मारला की समोर पांढरा पडदा उभा राहतो. तिथंही खाली धरलेला मंद उजेडच चालतो. तसाही फुल आणि मध्यम यात डोळ्याला वाटतो तेवढा फरक नसतो. दुप्पट उजळ वाटायला उजेड चौपटीच्या आसपास लागतो. सेलवर मात्र तो फरक पुरेपूर निघतो. मध्यमवर मला साडेचार-पाच तास मिळतात, मंदवर दोन रात्री जातात. आणि एकदा फुल मारून पांढऱ्या पाईपाकडे बघितलं की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात.

मोडचा मात्र वैताग आहे. फुल, मध्यम, मंद, लुकलुक, एसओएस (संकटात मदत मागायची खूण), सगळं एकाच बटणावर. जानेवारीत उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. बॅटरी मंदवर. फुलसाठी बटण अर्धं दाबलं, लुकलुक सुरू. घाबरून पुन्हा दाबलं, एसओएस. तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे, आणि समोर शेजाऱ्यांचं कुत्रं मान वाकडी करून बघत बसलेलं. नंतर घरी बसून शोधलं: बंद करून तीनेक सेकंद थांबलं की ही बॅटरी पुन्हा फुलवरच सुरू होते, लगेच दाबली तर पुढच्या मोडवर जाते. हे कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. आता फुल हवा असेल तर मोड फिरवतच नाही. पूर्ण बंद, मनात एक-दोन-तीन, चालू.

चार्जिंगचं तोंड सी-टाईप आहे, पण दोन्हीकडे सी असलेल्या वायरीनं होत नाही. आत जे दोन बारके रेझिस्टर हवेत ते वाचवलेत. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली वायर लावा, होतं. बिघाड समजून परत करू नका.

खरी कमजोरी मान. झूम आत-बाहेर केली की ती पंपासारखी हवा ओढते, हवेबरोबर धूळ, आणि जूनपासून ओल. दुसऱ्याच पावसात भिंगाला आतून वाफ धरली. सेल काढून, मागचं झाकण उघडं टाकून दिवसभर उन्हात ठेवली तेव्हा गेली. शिवाय मान इतकी ढिली झाली की बॅटरी खाली तोंड करून धरली की झोत आपोआप आवळायचा. आतली रबरी रिंग घासली होती. पंप दुरुस्तीवाल्याकडे त्या मापाची दहा रुपयांना मिळाली, सिलिकॉन ग्रीसचं बोट त्यानं फुकट लावलं. आता मान पुन्हा जड फिरते.

वडिलांनी ही एकदाच हातात घेतली, चारदा बटण दाबलं आणि परत दिली. ते अजून तीन मोठ्या सेलची पितळी बॅटरी नेतात. पुढच्या कांद्याला मी बिनझूमची, आत चकचकीत वाटी असलेली घेणार आहे. मध्ये लांबचा उजेड आणि भोवती आपोआप पायापुरता, मान फिरवायची भानगड नाही. रंग पिवळसर मिळाला तर बरं, या निळसर पांढऱ्यात मातीवरचं तपकिरी जनावर, म्हणजे साप, उठून दिसत नाही. तोवर ही खुंटीला आहे, तोंड आत ढकलून.