प्रीलोड, स्प्रिंग की अख्खा नवा शॉकअप? वजनाप्रमाणे काय निवडावं

माझं वजन ९४ किलो, धाकट्या भावाचं ५७. गाडी एकच, साडेतीनशे सीसीची, मागे दोन शॉकअपवाली. ताम्हिणीतून रात्री डबलसीट परतत होतो, बायको मागे आणि सॅक तिच्या पाठीला. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. मी लो बीमवरच होतो, पण गाडीचं बूड इतकं बसलेलं की उजेड थेट त्यांच्या डोळ्यांत. घरी येऊन शॉकअपची कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी कडी, पाचव्या टप्प्यावर नेली, तर दुसऱ्या दिवशी भाऊ कुरकुरत आला: प्रत्येक गतिरोधकावर सीट वर फेकते म्हणे.

अशा वेळी आपल्यापुढे तीन वाटा असतात. कॉलर फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, बदलायचा, फुकट. स्प्रिंग बदलायची, काही हजार. नाहीतर नवा ॲडजस्टेबल शॉकअप, पाच आकडी खर्च. आपला उत्साह बहुतेक वेळा थेट तिसरीवर उडी मारतो. मी सांगेन, आधी शिंप्याचा टेप काढा.

मोजमाप

गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी चाकांवर उभी करून तेच अंतर, आणि शेवटी तुम्ही हेल्मेट-जॅकेटसकट बसल्यावर. धरायला एक माणूस लागतो. प्रत्येक वेळी सीट एकदा दाबून सोडा, कारण सील घासतात आणि आकडा दोन-चार मिलिमीटर फसवतो.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे चालकासकट सॅग, गाडी किती बसली ते. रस्त्यावरच्या गाडीला तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, साधारण एक तृतीयांश हवा. डॉमिनार ४०० ला मागे ११० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे पस्तीसेक. जुन्या ४११ सीसी हिमालयनला १८० मिमी, तिथे साठच्या आसपास. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक म्हणजे रिकामा सॅग, फक्त गाडीच्या वजनाने बसलेला. हा सहसा कोणी मोजत नाही, आणि खरा निकाल तोच देतो.

माझ्या गाडीला मागे १०० मिमी ट्रॅव्हल. दुसऱ्या टप्प्यावर मी बसल्यावर ४५, रिकामा १४. पाचव्यावर ३५ आणि ४. भाऊ दुसऱ्यावर ३३, पाचव्यावर २३. म्हणजे माझा आणि त्याचा, दोघांचाही प्रश्न एका सी-पान्याचा, कॉलर फिरवायच्या पान्याचा, होता.

प्रीलोड

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं जो तो सांगतो. होत नाही. समजा, एक स्प्रिंग दर १० किलोला १ सेंटिमीटर दबते. तिला आधीच २ सेंटिमीटर दाबून बसवली, तर २० किलोपर्यंत ती हलणार नाही, पण त्यापुढच्या प्रत्येक १० किलोला पुन्हा १ सेंटिमीटरच. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव नाही. (आपल्याकडच्या बऱ्याच स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला दाट असतात. तिथे हा हिशेब थोडा हलतो, पण मुद्दा तोच.)

फायदा मात्र दांडगा. स्प्लेंडरपासून क्लासिक ३५० पर्यंत मागचे टप्पे असतातच. मेन स्टँडवर, पाचेक मिनिटांचं काम. दोन्ही बाजू एकाच टप्प्यावर हव्यात. वापरलेली गाडी घेताना हे आधी पाहा, डावी दुसऱ्यावर आणि उजवी चौथ्यावर अशा गाड्या भेटतात. मागे एकच शॉकअप, म्हणजे मोनोशॉक, असेल तर कॉलर आत दडलेली असते, तिथे पाना शिरवतानाच बोटं सोलतात.

तोटा बुटक्यांना. मागून गाडी उचलली की पाय कमी टेकतात, आणि साइड स्टँडवर ती जास्त कलते.

स्प्रिंग

चालकासकट सॅग बरोबर आला, पण रिकामा सॅग शून्य, म्हणजे गाडी एकटी उभी असताना मागून उचलली तर जराही खेळ नाही: तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे. खड्ड्यावरून उतरताना चाक खाली जायला जागाच उरत नाही. उलट रिकामा सॅगच २०-२५ आला, तर स्प्रिंग तुम्हाला कडक. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलींना मोठ्या गाड्यांवर हे होतं, आणि 'गाडीच अशी आहे' म्हणून त्या कंबरदुखी सोसतात.

मी एकटा असेन तर माझा रिकामा सॅग ४, काठावर पास आहे. पण बायको आणि सामान धरून रोजचं फिरणं असतं, तर शेवटचा टप्पाही पुरला नसता. तेव्हा स्प्रिंगच. मागवताना हेल्मेट-जॅकेटसकट वजन सांगा, स्वतःला पाच किलो सूट देऊ नका.

एक गोम आहे. कडक स्प्रिंग जास्त जोरात परत उसळते, आणि तिला आवरायला आतलं तेल तेवढंच असतं. सीट दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन झोके घेत असेल, तर नुसत्या स्प्रिंगवर पैसे घालू नका.

नवा शॉकअप

तो त्या झोक्यांसाठी. रिबाउंडचा स्क्रू फिरवून उसळी वजनाप्रमाणे लावता येते, हीच त्याची खरी किंमत. कंपनी वायएसएस असो की ओलीन्स, स्प्रिंग तुमच्या वजनाची नसेल तर पाच आकडी शॉकअपही माझ्यासारख्याखाली बसणारच. जुना गळत असेल तर हा खर्च पटतो. निव्वळ सोनेरी डबा दिसावा म्हणून असेल तर वॉरंटीवर पाणी सोडण्याआधी कागद वाचा. आणि गॅस भरलेला शॉकअप कुठल्याही गॅरेजात उघडू देऊ नका, आत दाब असतो.

पुढच्या बाजूला साध्या गाड्यांना टप्पेच नसतात. तिथे फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांत, जाड तेल घालायचा सल्ला मिळतो, १० डब्ल्यूच्या जागी १५ डब्ल्यू. त्याने ब्रेक मारल्यावर पुढून घेतली जाणारी डुबकी सावकाश होते, पण वजन पेलायची ताकद वाढत नाही, शिवाय बारीक खाचखळगे मनगटात येतात. ब्रेक मारल्यावर शेवटी ठोका लागत असेल, तर तेलाची पातळी किंचित वाढवणं जास्त कामाचं. वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटचा भाग घट्ट होतो. किंचितच, नाहीतर ऑइल सील फुटतं.

आमच्या कॉलरवर आता नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत. लाल माझा, गुलाबी भावाचा. संध्याकाळी चावीबरोबर सी-पानाही हातात देतो, आणि तो दर वेळी उजवी बाजू विसरतो.