टेनिस एल्बोचा पट्टा: कामाचा आहे, पण जागेवर बांधला तर

आईचा लंबी रोटीच्या ऑर्डरचा धंदा आहे, लग्नसराईत कणिक किती आपटा लागते ते करणाऱ्यालाच माहीत. उजवं कोपर बाहेरून दुखून राहिलं होतं, चहाचा कप उचलला तरी कळ. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरनं मधलं बोट वर करायला लावलं अन् वरून दाबलं, आई ओरडलीच. टेनिस एल्बो म्हणे, आईनं रॅकेट फक्त टीव्हीत पाहिली!

तिथल्याच एका सर्जिकलच्या दुकानातून हा पट्टा घेतला, 300 च्या आत. जेलची गादी अन् वेल्क्रो, बस.

बॉक्सवरच्या फोटोत तो कोपराच्या हाडावरच बांधलेला दिसते, म्हणून लोक तिथंच आवळतात न मग म्हणतात फरक नाही. गादी हाडाच्या दोन बोटं खाली, मांसल भागावर पाहिजे. तिथं एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस ब्रेव्हिस नावाचा स्नायू आहे, तो कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून निघतो अन् मनगट ओलांडून पंज्यातल्या मधल्या बोटाच्या हाडाच्या बुडाशी जातो, म्हणूनच तर डॉक्टर मधलं बोट दाबतात. काम काय, मनगट वर उचलायचं न थोडं अंगठ्याकडे वळवायचं. पण नुसती मूठ आवळली तरी तो लागतोच, कारण बोटं मिटणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात अन् हा मागून धरून ठेवतो. लाटणं धरा, गाडीचं हँडल धरा, बिचारा कायम ड्यूटीवर. शेजारचा लाँगस नावाचा स्नायू तर्जनीच्या हाडाला जातो, पण या दुखण्यात सहसा ब्रेव्हिसचाच नंबर लागतो.

हात टेबलावर उपडा ठेवून मनगट उचला, कोपराखाली जो गोळा टरारते त्याच्यावर गादी बसवा. दाबामुळं वरच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, ताण कमी पडतो. लय आवळू नका बाप्पा, मुंग्या आल्या की सैल करा, झोपताना काढाच.

पट्ट्यानं दुखणं बरं होत नाही हां, काम करताना कळ कमी होते एवढंच. आईला खरा फरक फिजिओनं दिलेल्या व्यायामानं पडला, पाण्याची भरली बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं. बाकी वेल्क्रोत पीठ भरते, अन् नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आतून घामानं खाजते.

5 पैकी 3.5. फ्री साइज लिहिलंय पण जाड हाताला वेल्क्रो पुरत नाही, दुकानातच बांधून, मूठ आवळून पाहा अन् मगच पैसे द्या.