‘फक्त नाव लावायचंय’ म्हणून घेतलेल्या सह्या

वडील जाऊन वर्ष होत आलं की गावाकडून फोन येतो. “दादा, सातबारावर अजून अण्णांचंच नाव आहे. एकदा सगळे येऊन सह्या करून जा, पुढचं मी बघतो.” जमीन विकायची की ठेवायची, यावर भावंडांत अजून धड बोलणंही झालेलं नसतं, आणि तो निर्णय हातून जातो तो नेमका त्या एका फेरीत. तोतया माणूस उभा करून केलेल्या दस्तांबद्दल सगळे सावध असतात. इथे सांगतोय त्या प्रकारात प्रत्येक सही खरी असते.

वारसनोंदीला लागतं काय? अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र. अर्ज तलाठ्याकडे द्या नाहीतर ई-हक्क पोर्टलवर भरा. तलाठी फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. यात दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदवायचं, कार्यालय कुठेच येत नाही. तिथे नेऊन कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा मशीनवर ठेवायला लावला, ओळख पटवायला दोन माणसं उभी केली, तर नाव लावणं चाललेलं नाही. दस्त नोंदवला जातोय.

बहिणींच्या बाबतीत तो दस्त बहुधा हक्कसोडपत्र असतो. ५०० रुपयांचा मुद्रांक, तीन-चार पानं, आणि मधे कुठेतरी ‘राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा हक्क सोडून दिला आहे’. वडील जाऊन बरीच वर्षं झाली असतील, तर सोबत एक पढवलेलं वाक्य: “वडील २००५ च्या आधी वारले, त्यामुळे तुमचा हक्क तसाही नाही, ही आपली औपचारिकता.” हे खोटं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्माने येतो आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. आणि हक्क नसताच, तर सही मागायला कोण आलं असतं?

शहरातल्या भावाकडून घेतात ते कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार. कारण सांगतात मोजणीचं, कचेरीतल्या खेपांचं. पहिल्या पानावर खरंच मोजणी, फेरफार, वीज कनेक्शन एवढंच असतं. तिसऱ्या पानावर ‘विक्री करणे, साठेखत करणे, भरणा स्वीकारणे व पावती देणे’. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. एकदा ‘मोबदला घेऊन, रद्द न होणारे’ असे शब्द त्यात आले की नुसत्या नोटिशीने ते रद्द करणं महाकठीण. मोजणीसाठी खरोखर अधिकार द्यायचाच असेल, तर गट नंबर, काम आणि मुदत लिहा, आणि ‘विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा, मोबदला स्वीकारणे यांचा अधिकार नाही’ हे वाक्य स्वतः घाला.

मग येतो भाव. सातबारावर क्षेत्र १.२० दिसतं आणि एजंट ते ‘एक एकर वीस गुंठे’ असं वाचून दाखवतो. गावात सगळे एकरातच बोलतात, म्हणून शहरातला वारस मान डोलावतो. पण सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ २ एकर ३८ गुंठे. एकरी २० लाख भाव धरला, तर ३० लाखांत पटवलेली जमीन खरं तर ५९ लाखांची निघते. दस्तात मात्र १.२० हेक्टरच लिहिलेलं असतं, त्यामुळे कागद अगदी बरोबर! पोटखराब्याचंही (गटातल्या लागवडीला नालायक क्षेत्राचंही) तेच: पैसे लागवडीच्या क्षेत्राचे, खरेदीखत सगळ्या गटाचं.

भाव पाडायची दुसरी युक्ती म्हणजे ‘इतर हक्क’ रकान्यातला कुळकायदा कलम ४३ चा शेरा, म्हणजे कुळ म्हणून मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन. “परवानगीला पाच लाख जातील, नाहीतर सरकारजमा.” २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळ म्हणून खरेदी होऊन दहा वर्षं झाली असतील, तर पूर्वपरवानगी लागत नाही. आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरायचा. आकार चार रुपये असेल तर १६० रुपये. घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन कमाल धारणेच्या (कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या) आत हवी आणि तुकडेबंदी (फार लहान तुकडे पाडायला मनाई) मोडता कामा नये, या अटी आहेतच. इनाम, वतन किंवा सरकारने दिलेल्या जमिनीचा वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारा प्रकार) वेगळा, त्याला हा हिशेब लावू नका.

विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेताना लोक आकडा बघतात, मुदत बघत नाहीत. ५१ हजार हातात ठेवून करून घेतलेल्या साठेखतात ‘मोजणी, वारसांचे वाद व सर्व परवानग्या लिहून देणाराने पूर्ण केल्यावर खरेदीखत’ असं कलम असतं. तारीख कुठेच नाही. तारीख ठरलेली असती, तर खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याची तीन वर्षं त्या दिवसापासून मोजली असती. ती नसेल, तर तुम्ही नकार दिल्याचं लिहून घेणाऱ्याला समजल्यापासून मोजतात. तोवर जमीन अडकलेली, आणि ‘लिहून घेणार किंवा ते सांगतील त्यांचे नावे’ या शब्दांवर तो गिऱ्हाईक शोधत हिंडतो. शिवाय २० हजार किंवा त्याहून जास्त विसार रोखीने घेतला, तर आयकराचा दंड घेणाऱ्याला बसतो, तोही तेवढ्याच रकमेचा. एजंट रोख का पुढे करतो ते यावरून कळावं. पुढे तक्रार करायची तर तुम्हीच अडचणीत.

सगळ्यात महागात पडते ती ओळ खरेदीखतात असते: ‘संपूर्ण मोबदला भरून पावला, त्याबाबत तक्रार नाही.’ समोर पुढच्या तारखांचे चेक. सुरतच्या एका शेतजमिनीच्या खटल्यात किंमत होती १ कोटी ७४ लाख २ हजार, चेक ३६. विकणाऱ्यांचं म्हणणं असं की हातात आले फक्त ४० हजार. खरेदीखत २००९ चं, दावा २०१४ चा. ९ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्यावरून नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही, राहिलेल्या पैशासाठी दावा करता येतो. आणि यांचा दावा मुदतीबाहेर गेलेला. म्हणून डिमांड ड्राफ्ट किंवा आरटीजीएस, खात्यात जमा झाल्याचं बघून मगच सही. दस्तात त्या भरण्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक लिहून घ्या.

भाव खरा की खोटा हे पाहायला रेडी रेकनरवर (सरकारी दरपत्रकावर) थांबू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच गावातले अलीकडचे दस्त काढा, सूची २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) मध्ये मोबदला दिसतो. आपल्याच गटावर कुणी दस्त केलाय का, हेही तिथेच कळतं.

सही होऊन गेली असेल, तर दस्ताची नक्कल त्याच आठवड्यात काढा. महाभूमी या सरकारी भूमिअभिलेख संकेतस्थळाच्या ‘आपली चावडी’वर गाव निवडलं की प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आपला गट तिथे दिसला, तर १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, म्हणजे नोंद तक्रारी होते आणि परस्पर मंजूर होत नाही. दस्त मात्र त्याने रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लागतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत.