अॅम्बॅसॅडरच्या बिडाच्या हेडला सीट रिंगा बसवाव्यात, की बाटलीतलं औषध पुरे?

जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अॅम्बॅसॅडरचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवायची वेळ आली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात हमखास विचारलं जातं, "एक्झॉस्टला सीट रिंगा टाकून घ्यायच्या का?" सीट म्हणजे हेडमधली गोल कड, जिच्यावर व्हॉल्व्ह टेकून बंद होतो. सीट रिंग म्हणजे तिच्या जागी बसवायची वेगळी कडक रिंग. कुणी सांगतो, टाकाच, नाहीतर व्हॉल्व्ह जळतील. कुणी म्हणतो, पेट्रोलमध्ये औषध घाला, हेडला हात लावू नका. तिसरा म्हणतो, एवढी वर्षं चालली ना, मग चालू दे. तिघांचंही म्हणणं कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतं. तुमच्या गाडीला कुठलं लागू पडतं हे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजून कळतं आणि त्याला दोन सकाळी पुरतात.

नुकसान होतं कसं

देशभर १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधून शिसं गेलं. ऑक्टेन वाढवण्यासाठी घातलेलं हे शिसं आणखी एक काम करत होतं. जळल्यावर त्याच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसायचा. बिडाच्या हेडमध्ये सीट वेगळी नसते, हेडच्याच बिडात ती कातलेली असते. तो थर नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह या मऊ बिडावर आपटताना बारीक बारीक ठिकाणी चिकटतो आणि उघडताना बिडाचे कण उपटून नेतो. ते कण जळून कडक होतात, व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटून राहतात आणि एमरीसारखी सीट घासू लागतात. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा बंद होतो. ताशी ८० ला अॅम्बॅसॅडर टॉप गिअरमध्ये साधारण तेवढ्याच आरपीएमवर असते.

सीट खचली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि त्याची दांडी रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्याच्या) जवळ येते, म्हणजे टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच हेडला देतो, त्यामुळे टेकणं बंद झालं की कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी एका सिलिंडरला मिस मारू लागते.

यातली फसवी गोष्ट अशी की खचत असलेल्या सीटचं इंजिन शांत वाजतं. टॅपेटची टकटक कमी झाली म्हणून मालक खूश असतो. रॉकर, कॅम आणि टॅपेट झिजले तर गॅप वाढतो, आवाज वाढतो. आपोआप कमी होणारा एक्झॉस्टचा गॅप ही धोक्याची खूण समजा.

आधी हेड कशाचं आहे ते बघा

हा प्रश्न फक्त बिडाच्या हेडचा आहे: बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) च्या बी-सीरीज इंजिनाच्या वंशातली १४८९ सीसी अॅम्बॅसॅडर, तशीच स्टँडर्ड हेराल्ड. प्रीमियर पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. अॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह टिकतच नाही, म्हणून तिथे रिंगा कारखान्यातूनच आलेल्या असतात. पद्मिनीत बघायचं ते गाडी गरम होऊन रिंग ढिली झाली आहे का, हे. इसुझू १८०० इंजिनाच्या अॅम्बॅसॅडरलाही पुढचं काही लागू नाही.

मोजणी

रेडिएटरच्या बाजूने व्हॉल्व्ह मोजले तर १, ४, ५ आणि ८ एक्झॉस्ट, २, ३, ६ आणि ७ इनलेट. गॅप बघताना नऊचा हिशेब लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला बघायचा, सातवा उघडा असताना दुसरा, सहावा उघडा असताना तिसरा. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे. गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा, या इंजिनाला सर्वसाधारणपणे ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिमी ठेवतात.

पहाटे थंड इंजिनवर आठही गॅप मोजून वहीत लिहा. मग १५०० किमी नेहमीसारखी गाडी चालवा, मध्ये टॅपेटला हात लावू नका, आणि पुन्हा पहाटे थंड इंजिनवर मोजा. एकदा गरम आणि एकदा थंड मोजलं तर आकड्यांना काही अर्थ उरत नाही. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर सपाट पाती खळग्यावरून आडवी जाते आणि खरा गॅप लपतो, तेव्हा रॉकरची टोकं आधी नीट बघून घ्या.

इनलेट व्हॉल्व्हना येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा गारवा मिळतो, त्यांच्या सीट सहसा खचत नाहीत. म्हणून तेच तुमचं माप समजा. इनलेटचे गॅप जागेवर आहेत आणि एक्झॉस्टचा एखादा ०.०५ मिमी किंवा जास्त घटला, तर सीट खचतेय. सगळेच आठ सारखे बदलले तर मोजण्यात चूक झाली आहे. ४ आणि ५ कडे जास्त लक्ष द्या. मधल्या दोन सिलिंडरचे हे दोन एक्झॉस्ट एकाच पोर्टमध्ये उघडतात, शेजारी शेजारी तापतात, आणि बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो.

काहीच न करणं

रंकाळ्याला चक्कर, लग्नाची वरात, रविवारी जोतिबा, वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर. अशा गाडीला बहुतेक वेळा ही वाट पुरते. सीट खचण्याचा वेग तापमान आणि आरपीएम या दोहोंवर अवलंबून असतो, आणि २५०० च्या खाली चालणाऱ्या इंजिनात तो फारच कमी राहतो. खर्च फिलर गेजचा आणि दर १५०० किमीला एका सकाळचा.

अट एकच, इंजिन विनाकारण तापता कामा नये. इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल तर जाळ एक्झॉस्टपर्यंत लांबतो आणि व्हॉल्व्ह जास्त तापतो. कार्ब्युरेटर पातळ मिश्रण देत असेल तरी तेच. रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये क्षार साठले असतील तर सीटभोवतीचं पाणी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. या तीन गोष्टी सुधारल्यावर खचणं थांबल्यासारखं वाटलं, तर रिंगांचा विषय पुढे ढकलायला हरकत नाही.

हीच गाडी महामार्गावरून पुण्याला ताशी ९० ने दर आठवड्याला जात असेल, तर मात्र ही वाट सोडा.

बाटलीतलं औषध

शिशाच्या जागी पोटॅशियम, मँगनीज किंवा फॉस्फरस यांची संयुगं असलेलं द्रव पेट्रोलमध्ये घालायचं, सीटवर पुन्हा पातळ थर बसतो. चांगलं औषध खरोखर काम करतं. पण ते प्रत्येक लिटरमध्ये जायला हवं, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. लेबलवर हजारास एक प्रमाण लिहिलं असेल तर ३० लिटरला ३० मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा. पेट्रोल भरण्याआधी टाकीत घाला म्हणजे नीट मिसळेल.

जास्त घातल्याने जास्त संरक्षण मिळत नाही. मँगनीजचं प्रमाण वाढलं तर प्लगवर तांबूस थर बसतो आणि प्लग मिस मारतो. एका धातूचं औषध संपल्यावर लगेच दुसऱ्या धातूचं सुरू करू नका, एकच निवडा आणि त्यावर टिका. विकत घेताना बाटलीवर व्हॉल्व्ह सीटचं संरक्षण असं स्पष्ट लिहिलेलं बघा. नुसतं 'ऑक्टेन बूस्टर' किंवा 'इंजेक्टर क्लीनर' हे वेगळंच काम आहे. अॅम्बॅसॅडरचं कॉम्प्रेशन इतकं कमी की तिला ऑक्टेनची उणीव नाहीच.

औषध खचलेली सीट भरून काढत नाही. आधीच जळालेल्या व्हॉल्व्हवर त्याचा काही उपयोग नाही. खचणं सुरू झालंय, पण हेड लगेच उतरवणं जमत नाही, अशा मधल्या काळासाठी ते उत्तम. एखाद्या वर्षी लांबच्या दौऱ्यावर जायचं असेल तर तेवढ्यापुरतंही ठीक. नियमाने धावणाऱ्या गाडीत कायमचा उपाय म्हणून ते आम्हाला पटत नाही, कारण एखाद्या पंपावर घाईत बाटली विसरली की त्याच टाकीत घाट चढायचा असतो.

रिंगा बसवणं

आंबा किंवा करूळ घाटाने कोकणात नियमित जाणारी, महामार्गावर तासन् तास पळणारी, किंवा मोजणीत खचताना सापडलेली गाडी असेल तर हेच करा. एकदा नीट केलं की सीटचा प्रश्न मिटतो. कोल्हापुरात बिडाच्या कामाची जाण ऑईल इंजिनांच्या काळापासून आहे, त्यामुळे शिवाजी उद्यमनगरात हात बसलेला कारागीर मिळतो. तरीही हे काम बिघडलं तर पहिल्यापेक्षा मोठं नुकसान करतं. सुटलेली रिंग सिलिंडरमध्ये पडली की व्हॉल्व्ह, पिस्टन आणि हेड तिन्ही जातात. म्हणून पुढचं काम कुठल्या क्रमाने होतंय ते स्वतः उभं राहून बघा.

आधी तडे. हेड धुऊन घेतल्यावर तडे दाखवणारा रंग (डाय) लावून दोन व्हॉल्व्हमधली पट्टी तपासायची, आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची. इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या मध्ये तडा असेल तर रिंगेचा खर्च त्या हेडवर करू नका, दुसरं हेड शोधा.

मग गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी. सीट कापणारं हत्यार गाईडमधल्या पायलटवर फिरतं. गाईड सैल असेल तर सीट वाकडी कापली जाणार, कितीही चांगली रिंग असो. एक्झॉस्टच्या दांडीला गाईडमध्ये ०.०५ ते ०.०८ मिमी फट असावी. जास्त असेल तर गाईड आधी बदलायचे. "गाईड नंतर बघू" म्हणणाऱ्याकडे हेड ठेवू नका.

रिंग क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रित बिडाची किंवा पावडर मेटलची घ्या. सर्वांत कडक म्हणून स्टेलाइटची रिंग घ्यायची गरज नाही. ती कापायला अवघड जाते आणि साध्या व्हॉल्व्हचं तोंड खाते. सोबत चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, २१-४एन पोलादाचे. जुना खड्डे पडलेला व्हॉल्व्ह नव्या रिंगेवर बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

रिंगा चारच, फक्त एक्झॉस्टला. आठही बसवायचा आग्रह मोडून काढा. इनलेटला गरज नाही, आणि शेजारी शेजारी दोन खाचा पाडल्या की मधलं बीड पातळ होऊन तिथेच तडा जातो.

सगळ्यांत जास्त चुका खाचेच्या मापात होतात. रिंगेचा बाहेरचा व्यास खाचेपेक्षा ०.०८ ते ०.१२ मिमी मोठा हवा. ३६ मिमी व्यासाची रिंग धरा. हेड १०० अंशांनी तापवलं तर खाच सुमारे ०.०४ मिमी मोठी होते. रिंग घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ पर्यंत थंड केली तर ती जेमतेम ०.०२ मिमी आकसते. बेरीज ०.०६. म्हणजे माप बरोबर असेल तर हेड तापवून आणि रिंग गार करूनही ती प्रेसने किंवा ड्रिफ्टच्या ठोक्यानेच बसणार. हाताने टुपकन बसली, तर खाच मोठी झाली आहे. अशा वेळी लॉकटाइटसारखा चिकटद्रव लावून भागवू देऊ नका. मोठ्या बाहेरच्या मापाची रिंग मागवायची आणि खाच नव्याने कापायची.

खाचेचा तळ सपाट हवा आणि रिंग त्याला पूर्ण टेकायला हवी. खाली पोकळी राहिली तर उष्णता हेडमध्ये जात नाही, रिंग तापते आणि सैल होते. खाच खोल गेली तर ती खालच्या पाण्याच्या मार्गात शिरते, म्हणून कारागिराने त्या जागी बीड किती जाड आहे हे आधी तपासलेलं हवं.

शेवटी सीट ४५ अंशांत कापायची, एक्झॉस्टला रुंदी १.५ ते २ मिमी. अरुंद सीट दिसायला सुबक, पण उष्णता वाहून न्यायला अपुरी. पेस्टने हलकं घासायचं, निळा रंग लावून पूर्ण वर्तुळ उमटतं का ते बघायचं. व्हॉल्व्ह बसवल्यावर हेड उलटं ठेवून प्लग लावायचे, चेंबरमध्ये रॉकेल भरायचं आणि पाच मिनिटं पोर्टमध्ये बघायचं. ओलावा आला तर परत घासा.

दर विचारताना रिंग, गाईड, व्हॉल्व्ह, सरफेस ग्राइंडिंग आणि गॅस्केट वेगवेगळे लिहून मागा. रिंगा एकूण खर्चातला लहान भाग असतात. हेड उतरवणं आणि जोडणं यातच बरीच मजुरी जाते. म्हणूनच गॅस्केट किंवा गाईडसाठी हेड उतरलंच असेल तर खचणं नसलं तरी रिंगा बसवून घ्या. निव्वळ रिंगांसाठी धडधाकट हेड उतरवायला मात्र आम्ही सांगणार नाही.

ई२० चं काय

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तीच जेट असताना मिश्रण पातळ होतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलवर बसवलेला असेल तर सुमारे ८ टक्के पातळ, आणि पातळ मिश्रण म्हणजे तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एसयू कार्ब्युरेटर असेल तर जेटचा नट खालच्या बाजूला एक-दोन कोन फिरवा आणि प्लगचा रंग बघा. पांढरट राहिला तर अजून पातळ आहे, विटकरी तपकिरी हवा. जुन्या रबरी नळ्या याच वेळी बदला. रिंगा बसवलेल्या गाडीलाही हे करावंच लागेल.

हेड बसवल्यानंतर

५०० किमीनंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट पुस्तिकेतल्या क्रमाने आणि टॉर्कने पुन्हा कसा. या इंजिनात रॉकरचे पाय हेडच्याच काही स्टडवर बसतात, त्यामुळे नट कसले की टॅपेटचे गॅप हलतात. कसून झाल्यावर आठही गॅप नव्याने लावा, आणि वहीतला पहिला आकडा त्या दिवशीचा लिहा.